स्वस्तातलं आरसी (रिमोटवर उडणारं) हेलिकॉप्टर: खोक्याची किंमत आणि पडण्याची किंमत

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, आजवर काहीच उडवलेलं नाही, बजेट दहा-बारा हजार. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, बाजारातलं 'साडेतीन चॅनल, मेटल बॉडी, जायरो' असं लिहिलेलं मोठं हेलिकॉप्टर. दुसरा, आपोआप उंची धरणारं, कॅमेरावालं. तिसरा, ओळखीतल्या एकाचं जुनं 450 आकाराचं हेलिकॉप्टर, रिमोटसकट बारा हजारांत. यातलं कोणतं घ्यावं?

तिन्ही नकोत. 50 ग्रॅमच्या आसपासचं, चार चॅनलचं, एकच मुख्य रोटर असलेलं आणि पात्यांचा कोन कायम असलेलं हेलिकॉप्टर घ्या. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही-911एस हे त्यातलं सर्वांत चालतं नाव. त्यावर बजेटचा अर्धा भाग जाऊ द्या आणि उरलेला बॅटऱ्या नि सुट्या भागांसाठी बाजूला काढा.

कारण साधं आहे. शिकताना हेली पडणारच, आणि जवळजवळ प्रत्येक बॅटरीला पडणार. म्हणून हिशेब करायचा तो एका पडण्याला किती रुपये आणि किती दिवस जातात याचा. 50 ग्रॅमचं हेली दोन मीटरवरून पडलं तर आदळताना त्यात जेमतेम 1 ज्यूल ऊर्जा असते. 800 ग्रॅमच्या 450 मध्ये तीच 16 ज्यूलच्या घरात जाते, आणि फिरत्या पात्यांतली ऊर्जा त्यावर वेगळी. हलकं हेली गवतात पडलं की उचलायचं, पाती तपासायची आणि पुन्हा उडवायचं. जड पडलं की त्या दिवसाचं उडवणं संपलं, आणि पुढचे दोन आठवडे पार्सलची वाट.

आता तुमचे तीन पर्याय एकेक करून पाहू.

चॅनल म्हणजे रिमोटवरून स्वतंत्र हुकूम देता येईल अशी एक हालचाल. हेलिकॉप्टरला किमान चार लागतात: वर-खाली (थ्रॉटल), नाक डावी-उजवीकडे वळवणं (रडर), पुढे-मागे (एलेव्हेटर) आणि कडेला सरकणं (आयलेरॉन). साडेतीन चॅनलच्या खेळण्यात आयलेरॉनच नसतो, आणि ते 'साडे' म्हणजे बहुतेक वेळा दिवा लावायचं बटण. ही हेलिकॉप्टरं कोअॅक्सिअल असतात. एकाच दांड्यावर एकावर एक दोन रोटर उलट दिशांनी फिरतात आणि दोघांचा पीळ एकमेकांना मारतो. शेपटीवर दिसणारा छोटा आडवा पंखा फक्त शेपटी उचलतो किंवा दाबतो, त्याने हेली पुढे-मागे जातं. सायमा एस-107 हे या जातीचं सर्वांत गाजलेलं खेळणं, आणि घरात दिवाणापासून टीव्हीपर्यंत उडवायला ते खरोखर छान आहे. पण त्याचा रिमोट इन्फ्रारेड आहे, उन्हात रिसीव्हर आंधळा होतो. शिवाय कडेच्या वाऱ्यावर इलाज नाही, कारण कडेला सरकायचा हुकूमच नाही.

महत्त्वाचं म्हणजे ते स्वतःच स्थिर राहतं, त्यामुळे हाताला सतत बारीक दुरुस्त्या करायची सवय लागत नाही. नेमकी तीच सवय पुढे लागते. 'मेटल बॉडी' ही तर उलटी जाहिरात आहे, धातूची चौकट म्हणजे जास्त वजन आणि जास्त जोराचं पडणं. मोठ्या आकाराच्या अशा खेळण्यांत तिरकं उतरलं की वरची आणि खालची पाती एकमेकांवर आपटतात. शिवाय बऱ्याच वेळा अशा बिननावाच्या मॉडेलची पाती वेगळी विकतच मिळत नाहीत.

दुसरा पर्याय इतका वाईट नाही. उंची धरणारं हेली हवेचा दाब मोजून उंची ओळखणाऱ्या दाबमापकावर चालतं. थ्रॉटलची स्टिक स्प्रिंगने मधोमध येते आणि सोडून दिलं की हेली आहे त्या उंचीवर थांबतं. सी-186, सी-187 ही बीओ-105 आणि ईसी-135 या खऱ्या हेलिकॉप्टरांच्या रूपातली छोटी मॉडेल्स याच गटातली, दिसायला देखणी. फक्त घरात फिरवून आनंद घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. दाबमापकाच्या खोड्या मात्र माहीत असू द्या. खोलीचं दार धाडकन उघडलं की दाब बदलतो आणि हेली उडी मारतं, जमिनीजवळ स्वतःच्याच वाऱ्याने ते गोंधळतं, उन्हात सेन्सर तापला की हळूहळू वर किंवा खाली सरकतं. पुढे कलेक्टिव्ह पिच (उडताना पात्यांचा कोन बदलणारं हेली) उडवायचं मनात असेल तर डाव्या हाताला थ्रॉटल शिकवणारं हेली हवं. स्प्रिंगच्या स्टिकवर तो हात शिकत नाही. कॅमेऱ्याचं म्हणाल तर 50 ग्रॅमच्या थरथरत्या हेलीवरून काढलेलं चित्रण कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. चित्रणच हवं असेल तर चार रोटरचा ड्रोन घ्या, हेलिकॉप्टरच्या वाटेला जाऊ नका.

तिसरा पर्याय सर्वांत मोहाचा आणि सर्वांत महागडा. 450 म्हणजे 325 मिलिमीटरची मुख्य पाती, सुमारे 70 सेंटिमीटरचा रोटर, मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेरे. 2600 फेऱ्यांचा हिशेब केला तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 95 मीटर येतो, म्हणजे ताशी 340 किलोमीटर. सोसायटीच्या आवारात ही वस्तू चालू करायची नसते. 2013 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका 19 वर्षांच्या तरबेज मुलाचा आरसी हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला. ते 450 पेक्षा बरंच मोठं होतं, पण 450 सुद्धा बोट तोडू शकतं. खर्चाचं पाहिलं तर एका साध्या पडण्यात कार्बन पात्यांची जोडी, फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पात्यांच्या पकडी जोडणारा दांडा), मुख्य शाफ्ट, मुख्य गिअर, शेपटीची नळी आणि एखाद्या सर्व्होचे (पात्यांना कल देणाऱ्या छोट्या मोटरचे) दात एवढं सगळं एका दमात जाऊ शकतं.

तरीही ते जुनं 450 पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवायचंच असेल तर विकणाऱ्यासमोर या गोष्टी पाहा. बॅटरी काढून मुख्य रोटर बोटाने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग गेलेली. पात्यांची पकड धरून वर-खाली हलवा, ढिलाई असेल तर डॅम्पर (धक्का शोषणारी रबरी कडी) आणि बेअरिंग दोन्ही बदलावी लागतील. सर्व्होंना वीज देऊन स्टिक अगदी सावकाश हलवा, मध्येच उडी मारणारा सर्व्हो म्हणजे तुटलेला दात. बॅटरी फुगलेली असेल तर तिची किंमत शून्य, उलट विल्हेवाटीचं काम तुमच्या गळ्यात. रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा आहे ना, हेही पाहा. जुने 35 किंवा 72 मेगाहर्ट्झचे संच फुकटातही घेऊ नयेत. स्क्रूंची तोंडं गोल झालेली असतील तर हेलीवर घाईघाईने बरेच हात फिरलेत असं समजा.

मग व्ही-911एस जातीच्या हेलीत काय आहे? 3.7 व्होल्टची एका सेलची 250 एमएएच बॅटरी, फ्लायबार (रोटरवरचा वजनदार आडवा दांडा) नसलेला रोटर, सहा अक्षांचा जायरो (हेलीचा कल ओळखून ते सावरणारा सेन्सर), मुख्य रोटरला एक ब्रशवाली मोटर, शेपटीला दुसरी, आणि स्वॉशप्लेट (स्टिकचा हुकूम फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी तबकडी) हलवायला दोन छोटे सर्व्हो. एका बॅटरीवर सहा-सात मिनिटं. परदेशी दुकानांत किंमत 50 डॉलरच्या आसपास असते. आपल्याकडे विक्रेत्यागणिक इतकी बदलते की तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नये.

फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन कायम, असल्यामुळे वर जायचं तर रोटरचा वेग वाढवायचा, खाली यायचं तर कमी करायचा. रोटरला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून हेली थ्रॉटलला क्षणभर उशिराने प्रतिसाद देतं. नवशिक्याची ठरलेली चूक इथे होते. हेली वर निसटलं की घाबरून थ्रॉटल पूर्ण सोडायचा, ते खाली येऊ लागलं की पुन्हा पूर्ण द्यायचा. रोटर वेग पकडेपर्यंत हेली जमिनीवर आलेलं असतं, आणि थ्रॉटल पूर्ण असल्यामुळे अडकलेली मोटर तापते, गिअर घासला जातो. म्हणून हेलीचा नाद असलेले लोक एकच नियम घोकतात: पडतंय असं वाटलं की आधी थ्रॉटल शून्य, बाकी सगळं नंतर. थांबलेली पाती जमिनीला लागली तर क्वचितच काही मोडतं.

दहा-बारा हजारांतून हेली वजा केल्यावर ही खरेदी करा:

- जास्तीच्या चार बॅटऱ्या, आणि चार सेल एका वेळी चार्ज करणारा चार्जर. सोबत येणारा यूएसबी चार्जर एका वेळी एकच करतो, तेवढ्यावर सकाळ फुकट जाते.
- मुख्य पाती चार जोड्या, शेपटीचे पंखे चार.
- शेपटीच्या मोटरी दोन, नळीसकट मिळाल्या तर उत्तम. नुसती मोटर आणली तर केसासारख्या तारा डाग देऊन जोडाव्या लागतात.
- मुख्य गिअर दोन, मुख्य शाफ्ट दोन, स्वॉशप्लेटला जोडणाऱ्या कड्यांचा एक संच.
- 00 नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, बारीक टोकाची पक्कड, चिमटा, सेलचं व्होल्टेज दाखवणारा मीटर.

पैसे देण्याआधी एक चाचणी करा. त्या मॉडेलची मुख्य पाती, शेपटीची मोटर आणि मुख्य गिअर हे तीन भाग भारतात निदान दोन विक्रेत्यांकडे हजर आहेत का ते शोधा. नसतील तर हेली कितीही चांगलं असो, सोडून द्या. परदेशातून मागवण्याचा विचार असेल तर लक्षात ठेवा, 9 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने तयार ड्रोन आणि त्यांचे जुळणी-संच यांच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मात्र मोकळे आहेत. उडणाऱ्या हेलीचं पार्सल कस्टममध्ये ड्रोन समजून अडलं तर वाद घालत बसायची तयारी हवी. म्हणून हेली इथल्या दुकानातून आणि भाग जिथून स्वस्त मिळतील तिथून, असं धोरण ठेवा.

रिमोटचा 'मोड' ही आणखी एक गफलतीची जागा. मोड 2 मध्ये थ्रॉटल आणि रडर डाव्या हाताला, एलेव्हेटर आणि आयलेरॉन उजव्या. मोड 1 मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलेव्हेटर डावीकडे. आपल्याकडे शिकवणारे बहुतेक जण मोड 2 वर उडवतात. एकाच मॉडेलची दोन्ही खोकी विकायला असतात, ती बाहेरून सारखीच दिसतात. खोक्याच्या कडेचं स्टिकर वाचून मगच उघडा. एकदा हात बसला की मोड बदलणं फार जड जातं.

हेली घरी आल्यावर लगेच उडवू नका. आधी पात्यांचे स्क्रू पाहा. हेली आडवं धरलं तर पाती स्वतःच्या वजनाने लोंबू नयेत, पण हलका झटका दिला की हलावीत. कारखान्यातून ती बऱ्याचदा घट्ट आवळलेली येतात, मग फिरताना पातं आपली जागा आपण शोधू शकत नाही आणि हेली हवेत गोल गोल डुलतं. पाव फेरा सैल केला की निम्म्या वेळा दोष गेलेला असतो. नंतर रोटर हाताने सावकाश फिरवून दोन्ही पात्यांची टोकं डोळ्यासमोरून एकाच उंचीवरून जातात का ते बघा. शेपटीच्या मोटरची तार नळीवर कुठे चिमटली आहे का, स्वॉशप्लेटच्या सगळ्या कड्या गोळ्यांवर बसल्या आहेत का, हेही तपासा. बॅटरी जोडली की हेली सपाट जागेवर ठेवून दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका. त्या तीन-चार सेकंदांत जायरो स्वतःचा शून्य ठरवतो. एसीच्या खोलीतून थेट उन्हात नेलं तर शून्य सरकतो. बाहेर पाच मिनिटं ठेवून मग बॅटरी जोडावी.

पहिल्या बॅटऱ्यांना रिमोटवरचा कमी दर (स्टिकला हेली सौम्य प्रतिसाद देतं ती सेटिंग) ठेवा आणि शेपटी स्वतःकडे करून उभे राहा. जमिनीला चिकटून सराव करायचा मोह होतो, कारण तिथून पडलं तर लागणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत हेली स्वतःच्या उसळलेल्या वाऱ्यात असतं आणि तिथेच ते सर्वांत बेभरवशाचं वागतं. ठाम थ्रॉटल देऊन गुडघ्याच्या वर न्या, छातीच्या खाली ठेवा.

बहुतेक मॉडेल्समध्ये वरून पाहिलं तर मुख्य पाती घड्याळाच्या दिशेने फिरतात. त्या पिळाला तोडायला शेपटीचा पंखा शेपटीला डावीकडे ढकलतो आणि सगळं हेलीच किंचित डावीकडे सरकू पाहतं. त्यामुळे ते उचलताना डावीकडे घसरतं आणि एका जागी तरंगताना थोडं उजवीकडे कललेलं दिसतं. हा दोष नाही. ट्रिमची (स्टिक न हलवता होणारी ओढ सुधारणारी) बटणं दाबून ते 'सरळ' करायला गेलात तर ते कायम डावीकडे पळेल. ट्रिम हेली एका जागी राहतं की नाही यावर लावायचा, ते दिसतं कसं यावर नाही.

शेपटी आपल्याकडे असताना एका जागी दोन मिनिटं ठेवता आलं की बाजू बदला, नाक डावीकडे, मग उजवीकडे, आणि सर्वांत शेवटी नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे असताना आयलेरॉन उलटा वाटतो, आणि बहुतेक पाती इथेच मोडतात. संगणकावरचा सिम्युलेटर इथे पैसे वाचवतो. रिमोट यूएसबीने जोडता येत असेल तर हेली-एक्स किंवा नेक्स्ट यांसारख्या सिम्युलेटरवर रोज वीस मिनिटं फक्त नाक-आपल्याकडे सराव करावा. तिथे मोडलेल्या पात्याला किंमत नसते.

जागेबद्दल. फ्लॅटच्या हॉलमध्ये पंखा बंद करून जमतं, पण दहा बाय बारा फूट ही अगदी खालची मर्यादा. बॅडमिंटनचं बंद कोर्ट किंवा तारीख नसलेल्या दिवशीचं मंगल कार्यालय मिळालं तर त्याहून चांगली शाळा नाही. बाहेर उडवायचं तर हिवाळ्यातल्या सकाळी, ऊन चढायच्या आत. पिंपळाचं पान हललं तरी चालेल, कडुनिंबाची फांदी हलू लागली की बॅटऱ्या गुंडाळा. खाली गवत हवं, पण घोट्याएवढं उंच नको, शेपटीचा पंखा त्यात अडकतो.

आता बिघाडांकडे येऊ, कारण या छंदातला निम्मा वेळ तिथेच जातो.

थ्रॉटल वाढवला की नाक आपोआप डावीकडे फिरतं ही सर्वांत सामान्य तक्रार. मुख्य रोटरचा पीळ शेपटीला पेलवत नाही एवढाच त्याचा अर्थ. लगेच मोटर बदलू नका. आधी भिंग घेऊन शेपटीच्या पंख्यामागे पाहा. घरात उडवलेल्या हेलीच्या त्या बारीक दांड्याला दहापैकी सात वेळा केस किंवा गालिच्याचा धागा गुंडाळलेला असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पंखा ओढून काढला की मोटरच्या तोंडाशी काळी अंगठी दिसते. चिमट्याने ती उलगडा. तेल टाकू नका, आत गेलं तर ब्रश खराब होतात. केस नसेल तर पंख्याला तडा आहे का पाहा. तोही नसेल तर ताज्या, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर उडवून बघा. तरीही नाक फिरत असेल तर मोटर संपली. ब्रशवाल्या छोट्या मोटरींचं आयुष्य काही तासांच्या फिरण्याचंच असतं, आणि ते उष्णतेने आणखी घटतं. एक बॅटरी संपली की लगेच दुसरी लावायची नाही. हाताला मोटर कोमट लागेपर्यंत थांबायचं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उडवणाऱ्यांनी तर दुप्पट.

हेली थरथरत असेल तर मुख्य शाफ्ट वाकलेला असण्याची शक्यता मोठी. तो काढून काचेवर लोळवा, एक टोक नाचलं की तो टाकाऊ. पक्कडीने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, कधीच पूर्ण सरळ होत नाही. पात्याच्या टोकाला लहानशी खाच असली तरी थरथर येते, आणि ती थरथर जायरोपर्यंत पोचली की हेली विनाकारण एका बाजूला सरकायला लागतं. मग माणूस ट्रिम दाबत बसतो आणि मूळ दोष तसाच राहतो. पाती जोडीनेच बदलायची. एक जुनं आणि एक नवं वजनाला जुळत नाही.

एकदम एकाच दिशेला जोरात ओढ बसली तर स्वॉशप्लेटची एखादी कडी सुटलेली असते. पडल्यावर ती सुटणं ही खरं तर सोय आहे, ती सुटते म्हणून सर्व्हो वाचतो. बोटाने दाबून परत बसवा. पाचव्या-सहाव्या वेळी ती सैल होते, तेव्हा संच बदला. मोटर फिरतेय पण हेली उचलत नाही, तर मुख्य गिअर शाफ्टवर घसरतोय का पाहा: एका हाताने रोटर धरून दुसऱ्याने गिअर फिरवा. तो जागीच फिरला तर निदान झालं. आणि पाती उलटी लावली नाहीत ना, हेही. फुगीर बाजू वर आणि जाड कड पुढे.

बॅटरीबाबत चार आकडे पाठ करा. पूर्ण चार्ज 4.20 व्होल्ट, उतरल्यावर विसाव्यानंतर 3.7 च्या खाली नको, दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची तर 3.8 ते 3.85, आणि चार्जिंग 1सी ने, म्हणजे 250 एमएएचला 0.25 अँपिअर. रिमोटवर किंवा मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावा. फिक्स्ड पिच हेली बॅटरी संपत आली की तेवढ्याच उंचीसाठी जास्त थ्रॉटल मागू लागतं, ती खूण कळली की उतरवा. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. बॅटऱ्या स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायच्या नाहीत. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही.

कायद्याचा भाग एवढ्या वजनाच्या हेलीला हलका आहे. ड्रोन नियम 2021 हेलिकॉप्टरलाही लागू होतात. 250 ग्रॅमपर्यंतचं यान 'नॅनो' वर्गात येतं आणि ते उडवायला पायलट परवाना लागत नाही. बॅटरीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून घ्या. जागेचे निर्बंध मात्र वेगळे. पुण्यात लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं आहे आणि खडकवासल्याला एनडीए. शहराचा बराच भाग लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येत नाही अशा जागेत येतो, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान आधी शोधा. मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यात रिमोटवर चालणाऱ्या विमानांचा नाव घेऊन उल्लेख असतो. तिथे 50 ग्रॅमचं आहे म्हणून सूट मिळेल अशी आशा नको. बंद हॉलमधल्या उडवण्याला हे प्रश्न येत नाहीत, कोर्ट शोधण्याचं हेही एक कारण.

चारही बाजूंनी हेली एका जागी धरता आलं आणि आठचा आकडा दोन्ही दिशांनी काढता आला की पुढचं पाऊल कलेक्टिव्ह पिचचं, म्हणजे रोटरचा वेग कायम ठेवून पात्यांचा कोन बदलणारं. एक्सके के-110एस हे त्यातलं सर्वांत स्वस्त शहाणं मॉडेल. वजन तेवढंच पन्नासेक ग्रॅम, मुख्य मोटर ब्रशलेस, शेपटीची मात्र ब्रशवालीच, म्हणून तीच दोन जास्त घेऊन ठेवायची. त्यावर आधी सहा अक्षांच्या जायरोचा स्वतः सपाट होणारा मोड वापरा. नंतर तीन अक्षांचा, जिथे हेली दिलेल्या कलात तसंच राहतं आणि परत आणायची जबाबदारी तुमची. ओएमपी एम-1 आणि गूस्काय एस-1 त्याहून कितीतरी अचूक आहेत, शेपटीलाही ब्रशलेस मोटर. पण किंमत 300 डॉलरच्या जवळपास जाते. पहिल्या वर्षी तो खर्च टाळावा.

या पायरीवर स्वतंत्र चांगला रिमोट घ्यावासा वाटेल, आणि घ्यावाच, कारण तो पुढच्या प्रत्येक हेलीला आणि सिम्युलेटरलाही चालतो. फक्त आतलं रेडिओ नीट पाहा. के-110एस फुटाबा या रिमोट बनवणाऱ्या कंपनीच्या एस-एफएचएसएस भाषेत बोलतं. रेडिओमास्टरचा पॉकेट हा स्वस्त रिमोट आतल्या रेडिओनुसार दोन प्रकारांत येतो, सीसी2500 आणि ईएलआरएस. पहिला के-110एसशी जोडला जातो, ओएमपीच्या हेलींशीही जोडला जातो. दुसरा दोन्हींशी नाही, आणि दुकानाच्या यादीत बहुतेक वेळा दुसराच वर दिसतो. व्ही-911एससुद्धा त्याच रिमोटवर उडवायचं असेल तर चार चिपांचं 4-इन-1 मॉड्यूल (अनेक भाषा बोलणारं रेडिओ) असलेला झोरो, बॉक्सर किंवा टीएक्स16एस जास्त खात्रीचा.